केसांची इस्त्री

दिल्लीत केस सरळ करून घेण्याला 'प्रेस करवाना' म्हणतात. कपडे प्रेस करायचे आणि केसही प्रेसच करायचे! पार्लरच्या दरपत्रकात 'हेअर प्रेस' लिहिलेलं असतं आणि त्याच इमारतीच्या खाली, कडुनिंबाच्या सावलीत, कोळशाची इस्त्री घेऊन प्रेसवाला बसलेला असतो. मराठीत आपण अजून 'स्ट्रेटनिंग' असा इंग्रजी शब्द वापरतो. पण शब्द कुठलाही असो, मी पाहते आहे की बायका-मुली केसांना नियम मात्र कपड्यांचेच लावतात. सुती साडी कडक वाळली असेल तर आपण पाणी शिंपडतो, इस्त्री चांगली तापवतो आणि सुरकुती जाईना तर पुन्हा पुन्हा दाबतो. तेच केसांवर करायला जातो आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खातं.

दीड वर्षापूर्वी माझी भाची नोकरीसाठी कोल्हापूरहून आमच्याकडे नोएडाला राहायला आली. गुरुग्राममधल्या एका कंपनीच्या स्वागतकक्षात तिला काम मिळालं होतं. आमच्या माहेरचे केस म्हणजे दाट आणि कुरळे. आईचे तसे, ताईचे तसे, माझे तसे आणि हिचेही. 'त्या झिपऱ्या आवर आधी,' हे वाक्य आम्ही सगळ्याच लहानपणापासून ऐकत आलेल्या. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात तिच्या वरिष्ठ बाई जाता जाता तिला म्हणाल्या, 'केसांचं काहीतरी कर.' एवढंच. काय करायचं ते सांगितलं नाही. पण मेट्रोच्या महिलांच्या डब्यात रोज चारही बाजूंना सरळसोट केस पाहणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीला ते सांगावं लागत नाही. रविवारी ती करोल बागेतल्या गफ्फार मार्केटमधून केस सरळ करायचं मशीन घेऊन आली.

मग रोजचा क्रम ठरला. साडेसहाला डोक्यावरून न्हायचं, टॉवेलने केस कसेबसे टिपायचे आणि ओलसर केसांवरच मशीन फिरवायचं, कारण सव्वासातला घर सोडायचं असे. चर्र आवाज यायचा, पांढरी वाफ निघायची. मी टोकलं तर म्हणाली, 'अगं मावशी, वाफ निघते म्हणूनच तर केस सरळ होतात. पार्लरवाल्या दीदीनं सांगितलंय.' पुन्हा टोकलं तर हसून दार लावून घेतलं.

पाच महिन्यांनी कानांच्या वर आणि कपाळाच्या कडेला बोटभर लांबीच्या खुंटांची झालर दिसू लागली. वेणी वरून जाड आणि खाली उंदराच्या शेपटीसारखी. मुलगी घाबरली. तिनं कांद्याचं तेल आणलं, बायोटिनच्या गोळ्या आणल्या. ताईशी व्हिडिओवर बोलताना ती केस घट्ट बांधून, ओढणी डोक्यावरून घेऊन बसायला लागली. 'आईला सांगू नकोस हं. मार्गशीर्षात दादाचं लग्न आहे, ती आत्तापासून काळजी करत बसेल.'

शेवटी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, 'केस गळतात की तुटतात?' आपण सगळ्या सरसकट 'केस गळतात' म्हणतो. पण या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. मुळापासून गळालेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा गोळा दिसतो. असे पन्नास ते शंभर केस रोज गळणं सामान्य आहे. तुटलेल्या केसाला तो गोळा नसतो, शिवाय तुकडे निरनिराळ्या लांबीचे असतात. भाचीच्या फणीतले जवळजवळ सगळे केस तुटलेले होते. मुळांना काहीच झालं नव्हतं. मग मुळांना कांद्याचं तेल चोळून आणि पोटात गोळ्या घेऊन काय होणार होतं?

डॉक्टरांनी त्यातला एक केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून आम्हाला दाखवला. केसाच्या दांड्यात चक्क बुडबुडे होते! पाव करताना पीठ फुगावं तसा केस मध्येमध्ये फुगलेला आणि जिथं फुगलेला तिथंच मोडलेला. या प्रकाराचं वर्णन अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९८६ साली प्रथम केलं आणि त्याला नावही 'बबल हेअर' असंच दिलं. केस ओला असताना त्याच्या आत शिरलेलं पाणी तापलेल्या पट्ट्यांमध्ये क्षणात उकळतं. वाफेला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती आतून केस फोडते. पार्लरवाल्या दीदी ज्या वाफेकडे बोट दाखवून कौतुक करत होत्या, ती ही वाफ.

आता कपड्याला पाणी चालतं आणि केसाला का चालत नाही, हे जरा समजून घेऊ. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. बाहेरून खवल्यांचं आवरण, घरावरच्या कौलांसारखं एकावर एक रचलेलं; आत गाभा. गाभ्यातल्या प्रथिनाच्या साखळ्या दोन प्रकारच्या बंधांनी एकमेकींना धरून असतात. एक गंधकाचे मजबूत बंध. केस मुळातला कुरळा किंवा सरळ राहतो तो प्रामुख्यानं यांच्यामुळे. दुसरे हायड्रोजनचे नाजूक बंध. हे पाण्याने सुटतात, उष्णतेनेही सुटतात आणि केस वाळला किंवा थंड झाला की ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. रात्री ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी केसांना लाटा पडतात, त्या यामुळेच. मशीनही फक्त हे नाजूक बंधच बदलतं. म्हणजे इस्त्री करून केस कायमचे सरळ होतच नाहीत, पुढच्या न्हाणापर्यंतचा तो करार असतो. रिबॉन्डिंगमध्ये रसायनांनी गंधकाचे बंध तोडतात. ते प्रकरण निराळं.

सुती धाग्यातही पाण्याने असेच बंध सुटतात, म्हणून पाणी शिंपडून इस्त्री छान होते आणि वाफ कापडाच्या विणीतून सहज निघून जाते. कोळशाची इस्त्री फिरवणारे आमच्या गल्लीतले भैया रेशमी साडीवर मात्र पाणी शिंपडत नाहीत. इस्त्री जरा निववतात आणि वर सुती फडकं टाकतात. केसही प्राण्यांच्या प्रथिनाचेच, रेशमाच्या कुळातले. कपड्यांचाच नियम लावायचा असेल तर सुती साडीचा नव्हे, पैठणीचा लावा!

भिजलेल्या केसात त्याच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के पाणी असू शकतं. प्रयोगशाळेतल्या मोजमापांत कोरड्या केसाचं केराटिन साधारण २२० ते २३० अंश सेल्सियसच्या आसपास कोलमडतं. पाण्यात भिजलेल्या केसाचं मात्र दीडशे अंशांच्या आसपासच. आणि बाजारातली मशीनं जातात कुठवर? २३० पर्यंत! पुऱ्या तळायचं तेल साधारण १८० ते १९० अंशांवर असतं. त्या कढईत आपण बोट घालणार नाही, पण त्याहून तापलेल्या चिमट्यात केस मात्र निश्चिंतपणे देतो.

भाचीच्या मशीनवर अंशांचा आकडाच नव्हता. चालू-बंदचं बटण आणि एक लाल दिवा. करोल बाग, सदर बाजार, लाजपतनगर, नोएडाचं अट्टा मार्केट, सगळीकडे अशी मशीनं काही शे रुपयांत मिळतात. त्यांच्या पट्ट्या नेमक्या किती तापतात हे ना विकणाऱ्याला ठाऊक, ना घेणाऱ्याला. पॅरिसच्या मार्सेल ग्रातो या केशरचनाकाराने १८७२ मध्ये तापवलेल्या चिमट्याने केसांना लाटा आणायची पद्धत काढली. त्या काळातले कारागीर चिमटा आधी कागदावर दाबून पाहत. कागद करपला तर चिमटा निवू देत. दीडशे वर्षांनंतर आपल्या हातात विजेचं मशीन आहे आणि कागदावर पाहायची सवय मात्र गेली! आकडा नसलेलं मशीन घरात असेलच तर पांढरा टिश्यू पेपर पट्ट्यांत काही सेकंद धरून बघा. पिवळा पडला तर ते मशीन केसांना लावू नका. नवीन घेणार असाल तर अंश ठरवता येतील असंच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

डॉक्टरांनी तिला चार महिने मशीनला हातही लावू नकोस म्हणून सांगितलं. तुटक्या टोकांची चार इंच कात्री झाली. त्या दिवशी ती रडली, पण केसांना फुटलेले फाटे वरवर चढत जातात, म्हणून कापणं भागच होतं. 'केस दुरुस्त करणारा' शाम्पू किंवा सिरम म्हणून जे विकतात, ते तुटू पाहणाऱ्या केसावर पातळ लेप देतात, हाताला मऊ लागतं, एवढंच. केस ही मेलेली वस्तू आहे. एकदा फुगून मोडलेला दांडा पुन्हा सांधत नाही. नवा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे हातभर नव्हे, नुसता फूटभर गेला तरी दोन-अडीच वर्षांची कमाई गेली.

चार महिन्यांनंतर तिनं पुन्हा इस्त्री सुरू केली. हो, केली! मी तिला कशाला अडवू? तिला आवडतात सरळ केस आणि केस तिचे आहेत. फक्त या वेळी तिची पद्धत निराळी होती.

न्हाण शनिवारी रात्री. खोबरेल तेल लावायचं ते न्हाण्याआधी तास-दोन तास आणि मग शाम्पूने पुरतं काढून टाकायचं. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. धुताना केसातून वाहून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने कमी झालं, असं त्यांना आढळलं. (ही कंपनी खोबरेल विकते हे खरं, पण आपल्या आज्या कंपनीशिवायच हे सांगत आल्या आहेत.) मात्र तेल लावलेल्या केसांवर मशीन कधीही नाही. तेल केसांवर तापतं, धूर निघतो, टाळूला चटका बसतो.

मग केस वाळवणं. इथं घाई करायची नाही. सुती जुन्या धोतराच्या किंवा टी-शर्टच्या कापडात केस दाबून पाणी टिपायचं, टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही. ड्रायर वापरायला हरकत नाही. कोरियात २०११ साली झालेल्या एका प्रयोगात ड्रायर पंधरा सेंटीमीटरवर, म्हणजे वीतभराहून थोडा कमी अंतरावर, सतत हलता ठेवला, तेव्हा केसाचं तापमान ४७ अंशांच्या आसपास राहिलं. पाच सेंटीमीटरवर तेच ९५ झालं. केस हाताला पूर्ण कोरडे आणि मुळाशीही थंड-ओलसर न लागणारे झाले, की मगच मशीन. शंका असेल तर दहा मिनिटं थांबा. एका बटेवर फिरवून बघा. चर्र झालं किंवा वाफ दिसली तर मशीन खाली ठेवा.

उष्णतेपासून जपणारा फवारा मिळतो, तो तिनं आणला. त्यातली सिलिकॉनं आणि तत्सम द्रव्यं केसांवर पातळ थर देतात आणि उष्णता जरा सावकाश आत जाऊ देतात. ते चिलखत नव्हे. आणि फवारासुद्धा वाळू द्यायचा असतो, नाहीतर पुन्हा पाण्यावरच इस्त्री!

मशीनचा आकडा ती १६० वर ठेवते. बारीक, रंगवलेले किंवा रिबॉन्डिंग केलेले केस असतील तर दीडशेच्या खालीच राहावं. खूप दाट आणि राठ केसांनाही १८० पुरे होतात. दोन बोटं रुंदीची बट घ्यायची, त्याहून जाड नाही. जाड बट घेतली की आतले केस तापत नाहीत आणि बाहेरचे भाजतात. गुंता आधी मोठ्या दातांच्या फणीने सोडवायचा. टाळूपासून बोटभर अंतर सोडून सुरू करायचं आणि न थांबता, एका लयीत टोकापर्यंत यायचं. एकदा, फार तर दोनदा. एका जागी दाबून धरायचं नाही. झाल्यावर केस गरम असतानाच विंचरायचे नाहीत, बांधायचेही नाहीत, कारण नाजूक बंध थंड होतानाच जुळत असतात. रात्री सैल वेणी घालून साटीनच्या अभ्र्यावर झोपलं की दोन-तीन दिवस केस बरे राहतात. मधल्या दिवसांत फक्त कपाळावरच्या दोन बटा, तेही वाटलं तर.

हे सगळं दिल्लीत करताना आणखी दोन गोष्टी आड येतात. एक पाणी. नोएडा, गुरुग्राम, द्वारका इथल्या कितीतरी सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतं. गीझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर पाहिला आहे ना? त्यातलेच क्षार केसांवर बसतात, केस राठ लागतात आणि मग वाटतं, मशीन अजून तापवायला हवं. तापमान वाढवण्याआधी शेवटचा एक तांब्या गाळलेल्या, मऊ पाण्याचा ओतून पाहा.

दुसरी गोष्ट हवा. मे-जूनच्या लूमध्ये केस इतके कोरडे होतात की फणी लावली की तडतडतात. तेव्हा इस्त्री टिकते, पण केस पटकन मोडतात. जुलै-ऑगस्टमध्ये उलट. घरून सरळ केस घेऊन निघालेली बाई राजीव चौकात गाडी बदलेपर्यंत पुन्हा कुरळी! हवेतली ओल केसात शिरते आणि ते नाजूक बंध सोडवते. यात मशीनचा दोष नसतो आणि अंश वाढवून उपयोगही नसतो. भाची श्रावणात मशीन कपाटात ठेवते आणि वेणी घालते.

परदेशातल्या भावाने पाठवलेलं मशीन अनेक घरांत असतं. त्यावरचा व्होल्टेजचा आकडा आधी वाचा. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. '१००-२४०' लिहिलं असेल तर ठीक. नुसतं १२० असेल तर पिनेला जोड लावून भागत नाही, मशीन जळतं.

पार्लरमधल्या केराटिन उपचाराबद्दल थोडक्यात. तो करताना डोळ्यांना झोंबणारा धूर निघत असेल तर उठून या. त्यातल्या काही द्रावणांत फॉर्मल्डिहाइड असतं किंवा तापवल्यावर सुटतं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच त्याला माणसांत कर्करोग घडवणारं द्रव्य ठरवलं आहे. त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल वापरलेल्या द्रावणांनंतर मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या नोंदीही २०२३-२४ मध्ये इस्रायल आणि फ्रान्समधल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या. 'फॉर्मल्डिहाइडविरहित' एवढं वाचून निश्चिंत होऊ नये.

केसांची एवढी चर्चा कशाला, असं घरातल्या पुरुषांना वाटतं. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलाच्या सलूनमध्ये २०१८ साली एका मॉडेलचे केस सांगितल्यापेक्षा फार आखूड कापले गेले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये तिला दोन कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याअभावी ती रक्कम रद्द करून प्रकरण पुन्हा आयोगाकडे पाठवलं. रकमेबद्दल मत काहीही असो, केसांवर नोकरी आणि उमेद अवलंबून असते, हे देशातल्या मोठ्या न्यायपीठांपुढे मांडलं गेलं. आमच्या घरात तेच छोट्या प्रमाणावर चाललं होतं.

आणि गंमत बघा. केस कापल्यानंतर, मशीन बंद असताना, कामावर कसं जायचं म्हणून भाचीनं धीर करून कंपनीची नियमावली मागून घेतली. त्यात लिहिलं होतं, 'केस स्वच्छ, विंचरलेले आणि चेहऱ्यावर न येणारे असावेत.' सरळ असावेत असं एका अक्षराने नव्हतं! तिनं ते पान वरिष्ठ बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, 'अरे, मैंने तो बस बाँधने को कहा था.' खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. चार महिने ती अंबाडा घालून गेली, कुणी काही म्हटलं नाही.

ताईला तिनं स्वतःच फोन करून सगळं सांगितलं. मी बाजूला कणीक मळत होते. पलीकडून आधी बराच वेळ शांतता, मग दोन-चार शेलक्या शब्दांत माझाही उद्धार. आणि मग, जरा हळू आवाजात, 'बरं, ते नवं मशीन लग्नाला येताना घेऊन ये. एकशे साठवरच ठेवायचं म्हणतेस ना?'

'हो आई,' भाची म्हणाली, 'पण आदल्या रात्रीच न्हाऊन ठेवायचं. सकाळी गडबडीत ओल्या केसांनी माझ्यासमोर येऊन बसशील, तर मी नाही हं करून देणार.'